मोटारीचे ट्यूनिंग करून घेताना

वर्धा जिल्ह्यातील अल्लीपूर व परिसरात अनेक शेतकरी कुटुंबांकडे ट्रॅक्टरच्या जोडीला आता घरची मोटारगाडीही आली आहे. बियाणे-खतांची खरेदी, बँकेची कामे, लग्नकार्य आणि मुख्य म्हणजे अवेळी दवाखाना गाठणे, यासाठी ती लागते. रोज लागत नाही, पण लागते तेव्हा पहिल्या सेल्फला चालू झाली पाहिजे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा खर्च अधिक आणि वेळही मोडतो, म्हणून वॉरंटी संपली की बहुतेक गाड्या गावातल्या किंवा हिंगणघाट-वर्ध्याच्या खासगी गॅरेजमध्ये जातात. यात काही गैर नाही. दहा प्रकारच्या गाड्या हाताखालून गेलेला मिस्त्री अनेकदा नेमका दोष लवकर ओळखतो.

अडचण वेगळीच आहे. "पिकअप गेला, अॅव्हरेज कमी झाले, ट्यूनिंग करून द्या" एवढे सांगून आपण किल्ली देतो. ट्यूनिंग हा शब्द जुनाच राहिला, पण इंजिन बदलले. त्यामुळे नको ते भाग बदलले जातात, बिल हजारांत जाते आणि दोष तसाच राहतो.

जुन्या गाडीचे ट्यूनिंग

कार्बोरेटर असलेल्या गाड्यांत, म्हणजे साधारणपणे सन २००० पूर्वीच्या मारुती ८००, अॅम्बेसेडर यांसारख्या पेट्रोल गाड्यांत, ट्यूनिंग हे खरोखरच जुळवणीचे काम होते. अशी गाडी अजून वापरात असेल तर कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम टॅपेटचे अंतर फीलर गेजने तपासावे. त्याच वेळी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. एखाद्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन इतरांपेक्षा बरेच कमी असेल, तर व्हॉल्व्ह किंवा रिंगमध्ये बिघाड आहे. मग कितीही ट्यूनिंग केले तरी गाडी मिसिंग करीतच राहील. त्यानंतर प्लग आणि पॉइंट, मग टायमिंग आणि सर्वांत शेवटी, इंजिन गरम झाल्यावर, कार्बोरेटर.

हा क्रम उलटा करून चालत नाही. पॉइंटमधील अंतर बदलले की ठिणगी पडण्याची वेळ बदलते, म्हणून पॉइंट आधी व टायमिंग नंतर. कार्बोरेटर आधी जुळवला तर प्लगचा किंवा टायमिंगचा दोष जादा पेट्रोल देऊन झाकला जातो. गाडी गॅरेजच्या दारात छान चालते आणि महिनाभर पेट्रोल पीत राहते. मिस्त्रीने बॉनेट उघडताच स्क्रू-ड्रायव्हर कार्बोरेटरला लावला, तर त्याला तेथेच थांबवावे.

नव्या गाडीत काय जुळवायचे?

इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोल किती व ठिणगी केव्हा, हे इंजिनचा संगणक ठरवितो. कार्बोरेटर नाही, पॉइंट नाही. अशा गाडीचे ट्यूनिंग म्हणजे स्वच्छता, तपासणी आणि झिजलेला भाग बदलणे. एअर फिल्टर, प्लग, थ्रॉटल बॉडीवरील काजळी, हवेच्या रबरी नळ्या, बॅटरीची टोके व अर्थिंग एवढे पाहिले तरी बराचसा दोष सापडतो.

डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला असेल तर स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्येच जावे. स्कॅनर जो कोड दाखवितो तो वहीत लिहून घ्यावा आणि लिहिण्यापूर्वी पुसू देऊ नये. कोड म्हणजे निदान नव्हे. उदाहरणार्थ, मिश्रणात पेट्रोल कमी पडते असा कोड आला की ऑक्सिजन सेन्सर बदलण्याचा सल्ला मिळू शकतो. परंतु हवेच्या नळीला बारीक चीर असली तरी तोच कोड येतो. सेन्सरची किंमत हजारांत, नळीची त्यामानाने अगदी कमी. म्हणून "हा भाग खराब आहे हे कशावरून ठरविले?" हा प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. चांगल्या मिस्त्रीला त्याचा राग येत नाही.

इंजिन मिसिंग करीत असताना "चालते आहे तोवर चालवू" असे करणे महागात पडते. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो भाग उष्णतेने निकामी होतो. वेळीच प्लग किंवा कॉइल बदलली असती तर वाचला असता असा हा खर्च आहे.

प्लग काढले की आपणही पाहावेत. टोकावर फिकट तपकिरी रंग असेल तर जळण चांगले आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. तेलकट काळे टोक म्हणजे ऑईल वर येत आहे, तेथे नवा प्लग फार दिवस टिकणार नाही. इरिडियमचे प्लग तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने घासू नयेत.

आपल्या भागातील कारणे

काळ्या जमिनीतील रस्त्यांची बारीक धूळ आणि कापसाच्या हंगामात उडणारी रुई यांमुळे आपल्याकडे एअर फिल्टर पुस्तिकेतील मुदतीपूर्वीच तुंबतो. रेडिएटरच्या जाळीत रुई बसली की एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात इंजिन तापते आणि दोष मात्र ट्यूनिंगवर जातो. सोयाबीन, तूर साठविलेल्या खोलीलगत गाडी उभी असेल तर उंदीर वायरी कुरतडतात. अनेक दिवस उभी असलेली गाडी अचानक मिसिंग करू लागली, तर आधी बॉनेटखाली उंदराच्या लेंड्या पाहाव्यात.

पेट्रोलचाही विचार करावा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्याने मिश्रणाची ऊर्जा शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ६ ते ७ टक्के कमी भरते. म्हणजे १८ किलोमीटर देणारी गाडी १७ वर आली, तर तो इंजिनचा दोष असेलच असे नाही. १४ वर आली तर मात्र तपासणी हवी. जुन्या गाडीतील पेट्रोलच्या रबरी नळ्या इथेनॉलमुळे लवकर खराब होऊ शकतात, त्या दरवर्षी पाहाव्यात.

डिझेल गाडीला ठिणगीचा प्लगच नसतो. तिचा जीव पंप आणि नोझलमध्ये आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. पंपाचे सील साध्या गॅरेजमध्ये तोडू देऊ नये. ते काम तपासणीचे यंत्र असलेल्या पंप दुरुस्ती केंद्रातच करावे.

वॉरंटी आणि खासगी गॅरेज

ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. खासगी गॅरेजना सुटे भाग व तपासणीची साधने खुलेपणाने मिळू न देणे हा त्यातील प्रमुख आक्षेप होता. बाहेर काम केले एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. प्रकरण पुढे अपिलात गेले. व्यवहारात वाद घालत बसण्यापेक्षा वॉरंटी असेपर्यंत इंजिनचे काम कंपनीकडे करावे, बाहेर केलेल्या किरकोळ कामाची बिले जपून ठेवावीत, हे बरे.

गॅरेजमध्ये

मिस्त्रीला उपाय सांगू नये, लक्षण सांगावे: गाडी थंड असताना की गरम झाल्यावर, स्लोवर की चढावर, कधीपासून. शक्य असल्यास त्याला शेजारी बसवून दोन किलोमीटर चालवून दाखवावे. अंदाजे खर्च आधी विचारावा, त्याहून जास्त लागल्यास फोन करावयास सांगावे, आणि बदललेले जुने भाग परत मागावेत.

काम झाल्यावर नुसत्या आवाजावर समाधान मानू नये. पीयूसीची मुदत जवळ आली असेल तर ती ट्यूनिंगनंतर लगेच काढावी व आधीच्या कागदाशी आकडे ताडून पाहावेत. बीएस-४ व त्यानंतरच्या पेट्रोल मोटारीसाठी स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. अॅव्हरेजसाठी टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा लिहावा, नेहमीप्रमाणे गाडी वापरावी आणि त्याच पंपावर पुन्हा टाकी भरावी. ४८० किलोमीटरला ३० लिटर लागले तर अॅव्हरेज १६ आले. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये, दोन-तीन वेळा असे मोजावे आणि ती वही पुढच्या वेळी गॅरेजमध्ये सोबत न्यावी.