उशाशी बसणाऱ्याला सोबत

दसरा-दिवाळी झाली, की आपल्या बीड जिल्ह्यातली माणसं ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी माणसं उरतात. अशा वेळी घरात कुणी अंथरुणाला खिळलं आणि डॉक्टर म्हणाले, "हे दुखणं बरं व्हायचं नाही, घरीच सेवा करा," तर ती सेवा एकटीच्या अंगावर पडते.

रात्रभर जागायचं. कूस बदलायची. अंथरूण धुवायचं. महिन्याभरात सेवा करणारीच खचते. पण सांगत नाही. लोक काय म्हणतील?

आम्ही म्हणतो, सांगावं. रानातल्या कामाला आपण सावड करतोच ना? आज तुमच्या रानात, उद्या आमच्या. तशीच इथंही करावी. शेजारणीनं दोन तास बसावं, तेवढ्यात हिनं झोपावं. "काही लागलं तर सांगा" म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांना नेमकं काम सांगावं. पाणी भरा, गोळ्या आणा. गड्यांनाही सांगावं. सेवा बाईनंच करावी, असं कुठं आहे?

आजाऱ्याला फार वेदना होत असतील तर आशाताईंना कळवावं. आरोग्य केंद्रात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात विचारावं. तीव्र वेदनेवर मॉर्फिन नावाचं औषध आहे. ते सगळीकडे मिळत नाही, पण २०१४ साली सरकारनं त्याचा कायदा सोपा केला. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच दिलं, तर नशा लागेल म्हणून भिऊ नये. तळमळणारा माणूस निवांत झोपतो.

आणि सेवा करणारीचं मन फारच भरून आलं, तर १४४१६ या नंबरला फोन करावा. पैसे पडत नाहीत. रात्रीसुद्धा फोन उचलतात. मराठीत बोलता येतं.