ट्रॅक्टरला मोठे टायर : आधी जागा मोजा



मागचे टायर झिजले की पावसाळ्याआधी बदलावे लागतात. भाताच्या चिखलात चाक रुतू नये म्हणून या वेळी एक माप मोठे घ्यावे, असे मनात येते. आम्हीही १२.४-२८ च्या जागी १३.६-२८ बसवले. अंगणात चाक सुरेख फिरले. चिखलणीला उतरलो आणि बांधाशी वळताना औजार उचलले, तेव्हा खरखर ऐकू आली. औजार डोलून खालच्या दांडीची पिन टायरच्या आतल्या बाजूला घासत होती. नव्या टायरला चर पडली. तेव्हापासून आम्ही आधी मोजतो.

किती वाढते? पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, इंचांत, दुसरा रिमचा. वरील बदलात रुंदी सुमारे ३० मिलिमीटर वाढते, म्हणजे प्रत्येक बाजूस १५. उंचीही वाढते, मडगार्डाखालची जागा सुमारे २५ मिलिमीटरने कमी होते. कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो. जुनी रिम नव्या टायरला चालते का, हे विक्रेत्याकडून तक्त्यात पाहून घ्यावे.

कोठे पाहावे? मागच्या चाकाला जीपसारख्या स्प्रिंगा नसतात, म्हणून ओझ्याने मडगार्डाखालची जागा बदलत नाही. ती भरून टाकतो चिखल. वर व आत निदान तीन बोटे जागा राहील असे आम्ही पाहतो. नंतर इंजिन बंद करून औजार उचललेल्या स्थितीत दांड्या दोन्हीकडे हलवून पाहाव्या. त्या जास्त डोलत असतील तर बाजूच्या साखळ्या आवळाव्या. उचललेल्या औजाराखाली मात्र कोणी जाऊ नये.

पुढचे टायर बदलल्यास स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवावे. पुढचा अ‍ॅक्सल मधोमध झुलतो. म्हणून एक चाक उंचवट्यावर चढवून पुन्हा पाहावे.

घासत असेल तर? पुष्कळ ट्रॅक्टरांत रिम आणि डिस्क उलटसुलट जोडून चाके बाहेर घेता येतात. चाक जड असते, म्हणून हे काम मेस्त्रीकडून करावे. जमीन कठीण हवी, पुढच्या चाकांना दगड लावावे, अ‍ॅक्सलखाली लाकडी ठोकळे द्यावे. नुसत्या जॅकवर विसंबू नये. टायरवरचा बाण पुढे फिरण्याच्या दिशेनेच यावा. पहिल्या दिवसाच्या कामानंतर नट पुन्हा आवळावे. चाके बाहेर गेली की उसाच्या सरीत ती कोठे चालतील, हेही आधी पाहावे.

टायरचे दात तासणे किंवा मडगार्ड ठोकून वाकवणे हे उपाय नव्हेत. चारही चाकांना जोर असलेल्या ट्रॅक्टरात पुढच्या-मागच्या टायरांचे प्रमाण ठरलेले असते. तेथे एकच जोडी बदलू नये, गिअर खराब होतात.

मोठ्या टायरने त्याच गिअरमध्ये वेग सुमारे ४ टक्के वाढतो आणि ओढ तितकीच कमी होते. भरली ट्रॉली उतारावर नेताना हे ध्यानात असावे.

शेवटी मुलांविषयी. मडगार्डावर मूल बसवून शेतावर नेण्याची आपल्याकडे सवय आहे. एका हिसक्याने मूल चाकाखाली जाते. मोठ्या टायरमुळे चाक त्याच्या पायांच्या आणखी जवळ येते. मडगार्ड ही बसायची जागा नव्हे. ही सवय आपण आजच मोडू या.