स्क्रीनवर पट्टे आले, आता काय?

परभणीचा मे महिना म्हणजे पारा 42 च्या वर, त्यात खोलीत पीसी रात्रंदिवस चालू. स्क्रीनवर रंगीत पट्टे, ठिपके दिसू लागले की लगेच फॉरमॅट मारू नका. सबमिशन तोंडावर असेल तर आधी प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर घ्या.

मग केबल आणि मॉनिटर बदलून बघा. पट्टे स्क्रीनशॉटमध्येही आले तर मॉनिटर निर्दोष. बायोसच्या स्क्रीनवरही दिसले तर ड्रायव्हरही सुटला, संशय कार्डावरच. ऑनबोर्ड ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून चालवा. ठीक चालले तरी कार्ड एकदा मित्राच्या पीसीत लावून बघाच, कारण कमजोर एसएमपीएससुद्धा हीच नाटके करतो.

वीज बंद करून पंख्यातली धूळ ब्रशने काढा, सोनेरी कडा खोडरबरने हलकेच पुसा. पण चिपखालचे सोल्डरच तडकले असेल तर? सारखे तापून-गार होऊन तसे होते. 2008 मध्ये लॅपटॉपच्या अशाच सदोष चिपपायी एनव्हिडियाला 15 ते 20 कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. काही बहाद्दर कार्ड चक्क ओव्हनमध्ये भाजतात! चार दिवस चालते, पुन्हा तेच. वॉरंटी शिल्लक असेल तर कार्ड खोलूच नका, बिल शोधा.