संशोधनवृत्तीचे मोल कसे करावे?

शिष्यवृत्ती म्हटली की फीची आणि पुस्तकांची विवंचना असलेला होतकरू विद्यार्थी आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु शिकवणाऱ्यालाही शिकण्यासाठी वेळ लागतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. सत्तरीतल्या घरांतून आज कॉलेजात व विद्यापीठात शिकवणारी मुलेमुली आहेत. त्यांच्यापुढे एखादी संशोधनवृत्ती, म्हणजे रूढ भाषेत फेलोशिप, आली की घरातला पहिला प्रश्न असतो, ‘महिन्याला किती मिळणार?’ प्रश्न रास्तच आहे. पण तो एकटाच विचारला तर फसगत होते. ती कशी, हे गोव्याच्याच एका सुपुत्राच्या चरित्रावरून पाहू.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण बेताचे, पदवी कोणतीच नाही. बुद्धाच्या ओढीने ते नेपाळ, सिलोन व ब्रह्मदेश हिंडले, पाली भाषा शिकले आणि पुढे कलकत्त्यात अध्यापक झाले. अशा वेळी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रात कोठेही राहावे व वर्षाकाठी एक पुस्तक बडोदे सरकारसाठी लिहावे. कलकत्ता विद्यापीठाची नोकरी याहून कितीतरी अधिक वेतनाची होती. ती सोडून धर्मानंद १९०८ मध्ये पुण्यास आले.

व्यवहारी माणूस याला तोट्याचा सौदा म्हणेल. पण त्या ५० रुपयांतून काय निघाले? ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक याच काळातले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या खटपटीने मुंबई विद्यापीठात पालीचा प्रवेश झाला, त्यामागेही धर्मानंदांचीच तळमळ होती. १९१२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले आणि पु. वि. बापटांसारखे पंडित त्यांच्या हाताखाली तयार झाले. वृत्तीची रक्कम लहान होती. पण अट मोजकी, विषय ज्याचा त्याच्याकडे आणि वेळ त्याच्या मालकीचा. (आजच्या नियमांनी पाहिले तर पदवी नाही म्हणून या गृहस्थांचा अर्ज पहिल्याच टेबलावरून परत आला असता, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

आता याच चरित्राची दुसरी बाजू पाहू. १९१० मध्ये धर्मानंद अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. काम होते बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे. वॉरन या पंडिताच्या मृत्यूमुळे ते अपुरे राहिले होते. तेथे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचा वाद झाला. वाद पैशांचा नव्हता; संपादक म्हणून श्रेय कोणाचे, हा होता. ते परत आले, पुढे पुन्हा हार्वर्डला गेले, आणि असे अनेक वेळा झाले. हार्वर्डची आवृत्ती अखेर १९५० मध्ये निघाली. धर्मानंद १९४७ मध्येच सेवाग्राम येथे निवर्तले होते. तेव्हा केलेल्या कामावर नाव कोणाचे राहणार, हे वृत्ती घेण्याआधीच कागदावर लिहून घ्यावे. शिवाय दोन-तीन वर्षांच्या अहवालावरून योजना फसली असा निकाल देणाऱ्यांनी या ४० वर्षांचा हिशेब करून पाहावा.

पैसे देणारा विचारांवर कितपत लगाम ठेवतो, हाही कसोटीचा भाग आहे. पेशव्यांच्या दक्षिणेच्या निधीतून पुढे इंग्रजी अमदानीत दक्षिणा फेलो नेमले जात. न्यायमूर्ती रानडे असे फेलो होते. इंग्रजी राज्याला अप्रिय वाटेल असा निबंध लिहिल्यामुळे त्यांची वृत्ती सहा महिने बंद ठेवण्यात आली, असे त्यांच्या चरित्रांत सांगतात.

आजच्या योजनांकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या शिक्षकदिनी सेवेतील अध्यापकांसाठी दोन वर्षांकरिता १० लाख रुपयांच्या अनुदानाची योजना जाहीर केली. रक्कम भरघोस आहे यात शंका नाही. पण अनुदान संशोधनाच्या खर्चासाठी असते. तेवढ्याने वर्गातले तास, पेपरतपासणी आणि समित्यांच्या बैठका कमी होत नाहीत. आयोगाच्या पूर्वीच्या अध्यापक-विकास योजनेत पीएच.डी.साठी रजेवर गेलेल्या अध्यापकाच्या जागी येणाऱ्याच्या वेतनाची तरतूद असे. माझ्या मते ती तरतूद रकमेहून मोलाची होती. तास सुटल्याखेरीज संशोधन होत नाही. होतो तो फक्त अहवाल.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. एखाद्या प्राध्यापिकेला सत्तरीतल्या रणमाल्याचा अभ्यास करावयाचा आहे. रणमाले शिगम्याच्या दिवसांत होते, म्हणजे बहुधा मार्च महिन्यात. नेमके तेव्हाच कॉलेजात वर्षअखेरीची घाई चाललेली असते, आणि ३१ मार्चच्या आत हिशेब व पावत्या दाखल करण्याचा तगादाही कार्यालयाकडून लागलेला असतो. रात्रभर जागून गाणी टिपून घ्यावीत, की झेरॉक्सच्या पावत्या गोळा कराव्यात? म्हादईच्या रानात पावसाळी वनस्पती शोधणाऱ्याची अडचण याच जातीची. त्याचा हंगाम जून ते सप्टेंबर, आणि तेव्हा पहिले सत्र ऐन भरात.

म्हणून आपल्या घरातील कोणी असा अर्ज घेऊन आले, तर रक्कम पाहिल्यावर पुढची पाने उलटावीत. रजा मिळेल का, आणि शिगमा त्या रजेत बसतो का, हे तेथे सापडते.