चिखलणीच्या घाईत क्लच भिजवू नका

आर्द्रा संपत आलं, पऱ्हे वीस दिवसांचे झाले आणि भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत बांध्यांमध्ये ट्रॅक्टर उतरले. या आठवड्यात मला आलेल्या फोनांत खताचे आणि खोडकिड्याचे प्रश्न मोजकेच होते. बाकी सगळ्यांची तक्रार एकच होती: "साहेब, इंजिन ओरडतं, पण चाक जागचं हलत नाही." म्हणजे क्लच घसरतो आहे. चिखलणी किती करायची, रोप कोणत्या वयाचं लावायचं, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. आजचा लेख फक्त क्लचच्या घरात शिरणाऱ्या पाण्याबद्दल आहे. ऐन रोवणीत ट्रॅक्टर चार दिवस उभा राहिला तर पंचवीस दिवसांचा पऱ्हा एकोणतीस दिवसांचा होतो आणि तेवढे फुटवे कमी येतात. हे नुकसान गॅरेजच्या बिलात दिसत नाही.

भोक कशासाठी आहे

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या बिडाच्या घरात क्लच असतो. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांचा क्लच कोरडा आहे. त्याची प्लेट फ्लायव्हीलला घट्ट चिकटते तेव्हाच ताकद चाकापर्यंत पोचते. मध्ये पाण्याचा किंवा तेलाचा पातळ थर आला तरी पकड सुटते, प्लेट घासते, तापते आणि जळते.

या घराच्या तळाला एक लहान भोक असतं. त्यात बहुधा एक स्प्लिट पिन लोंबत असते. ती हलत राहते म्हणून भोक मातीने बुजत नाही. इंजिनच्या मागच्या सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून तेल झिरपू लागलं, तर ते या भोकातून खाली ठिबकतं आणि तुम्हाला आधीच कळतं. कोरड्या रानात हे भोक उघडंच हवं. चिखलणीला उतरताना मात्र पिन काढून तिथे आट्यांचा प्लग बसवायचा असतो, आणि चिखलणी संपली की तो काढायचा असतो. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं आहे. मी विचारतो, "प्लग कुठे आहे?" दहातले आठ जण माझ्याकडे नुसते बघत राहतात.

आता हिशेब पाहा. बऱ्याच ट्रॅक्टरांचं पोट जमिनीपासून 35 ते 40 सेंटीमीटर उंच असतं. चाक चिखलात 25 सेंटीमीटर रुतलं आणि वर 10 सेंटीमीटर पाणी असलं, तर भोक आणि पाणी यांत फार तर पाच सेंटीमीटर उरतात. केज व्हीलने उडवलेली लाट तेवढं अंतर सहज गाठते. त्यात घर तापलेलं असतं. ते थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि उघड्या भोकातून, फाटक्या रबरी बुटातून, ढिल्या झाकणाच्या फटीतून पाणी आत ओढून घेते.

म्हणून पहिली सूचना बांधीतल्या पाण्याची. चिखलणीला चार-पाच बोटं उभं पाणी पुरतं. गुडघाभर पाणी भरून चिखलणी करायची सवय मोडा. त्याने चिखल चांगला होत नाही, ढेकळं पाण्याखाली लपतात, खत वाहून जातं आणि क्लच भिजतो.

उतरण्याआधी दहा मिनिटं

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, इंजिन बंद करा, हँडब्रेक लावा. खाली वाकून भोकाला बोट लावा. बोट कोरडं निघालं तर उत्तम. काळं, चिकट निघालं तर सील गेलं आहे. अशा ट्रॅक्टरला प्लग लावून बांधीत घातलं तर तेल आतच साचेल, म्हणून आधी सील बदला.

बोट स्वच्छ असेल तर प्लग वायसरसकट हाताने बसवून पान्याने आवळा. प्लग हरवला असेल तर त्याच आट्यांचा आणि तेवढ्याच लांबीचा घ्या. जास्त लांबीचा बोल्ट आत जाऊन फ्लायव्हीलला लागू शकतो. क्लचच्या दांडीवरचा रबरी बूट फाटला असेल तर बदला. तपासणीच्या झाकणाची गॅस्केट बघा आणि सगळे बोल्ट जागेवर आहेत का, तेही मोजा. ब्रेक कोरड्या प्रकारचे असतील तर त्यांच्या घरालाही बहुधा असाच प्लग असतो. तोही लावा.

गोणपाटाचा बोळा आणि बाकीचे उपाय

प्लगऐवजी लोक काय काय वापरतात ते मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. एका गावात भोकात गोणपाटाचा बोळा ठासला होता. बोळा पाणी अडवत नाही, शोषून आत नेतो. तो वर सरकला, प्रेशर प्लेटच्या बोटांत गुंडाळला गेला आणि क्लच सुटेना. ट्रॅक्टर गिअरमध्ये, समोर धुरा आणि धुऱ्यावर रोवणीच्या बाया जेवायला बसलेल्या. चालकाने वेळेवर इंजिन बंद केलं म्हणून अनर्थ टळला. लाकडाची खुंटी फुगते आणि तुटून अर्धी आत राहते. ग्रीसचा गोळा उन्हाने पातळ होऊन प्लेटवर जाऊ शकतो. हे तिन्ही उपाय बंद करा.

याच्या उलट चूकही तितकीच महाग पडते. एका शेतकऱ्याने जुलैत प्लग नीट बसवला आणि विसरला. दिवाळीनंतर हरभऱ्यासाठी नांगर जोडला, तर क्लच दाबूनही गिअर पडेना. मी प्लग काढायला सांगितलं. आधी विटकरी रंगाचं पाणी आलं, मग गाळ, मग तेलाची धार. चार महिने ते सगळं आत कोंडून होतं. प्लेट गंजून फ्लायव्हीलला धरली होती. क्लच बदलायचा म्हणजे ट्रॅक्टरचे मधून दोन भाग करावे लागतात, आणि त्याच्या पेरणीची वेळ त्यात गेली. पाणी आत जाणं वाईट, पण ते आत कोंडून राहणं त्याहून वाईट.

पाणी शिरलंच तर

इंजिन चढतं पण गती येत नाही, किंवा करपट वास येतो, तिथेच थांबा. हाफ क्लचवर रेटून "ही बांधी पुरी करतो" म्हणाल तर प्लेट त्या बांधीतच जाईल. शक्य असेल तर हलक्या गिअरमध्ये, वजन उचलून, टणक जागी या. ट्रॅक्टर फसला असेल तर आलात त्या वाटेने रिव्हर्समध्ये काढा. मागच्या चाकांपुढे ओंडका बांधून पुढे काढायचा प्रयत्न कधीही करू नका. चाक अडकलं की ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं आणि तो चालकावर उलटतो. अशाने माणसं गेली आहेत.

टणक जागी आल्यावर इंजिन बंद करा, थोडं निवू द्या आणि प्लग काढा. स्वच्छ पाणी आलं तर ते पूर्ण निथळू द्या. मग न्यूट्रलमध्ये इंजिन संथ चालवा, क्लच वीस-पंचवीस वेळा पूर्ण दाबून पूर्ण सोडा आणि रिकामा ट्रॅक्टर थोडा फिरवून आणा. पकड परत आली तरच कामाला लावा. चिखल आला किंवा तेल आलं तर मिस्त्रीशिवाय पुढे जाऊ नका. आत डिझेल, रॉकेल किंवा पेट्रोल मारून क्लच "धुऊ" नका. त्याने प्लेट खराब होते, बेअरिंगचं ग्रीस निघून जातं आणि आग लागायचा धोका असतो.

पॉवर टिलरवाल्यांसाठी

टिलरमध्ये इंजिनची ताकद व्ही-बेल्टवरून क्लचकडे जाते. हा पट्टा पुलीला तळाने नाही, दोन्ही बाजूंनी धरतो. तिथे पाणी-चिखल गेला की तो किंचाळतो आणि घसरतो. अशा वेळी पट्टा आवळू नका. ओला असताना आवळलेला पट्टा वाळल्यावर तारेसारखा ताणतो आणि दोन्ही बाजूंच्या बेअरिंगचा जीव घेतो. इंजिन बंद करून पट्टा आणि पुलीच्या खाचा कोरड्या फडक्याने पुसा, आणि ताण पुस्तिकेत दिला आहे तेवढाच ठेवा. राळेची पूड, साबण, जळकं ऑइल यातलं काहीही पट्ट्याला लावू नका. राळेने तासभर पकड येते, मग तिच्यावर चिखल चिकटतो आणि कानशीसारखा पट्टा खातो. पट्टे बदलायचे तर सगळे एकदम बदला. दोन जुन्यांत एक नवा घातला तर सगळं ओझं त्या एकट्यावर येतं.

बेल्टचं कव्हर "हवा लागावी" म्हणून काढून ठेवणाऱ्यांना मी दरवर्षी बोलतो आणि यंदाही बोलणार आहे. ते कव्हर चिखल अडवतं आणि तुमची बोटंही वाचवतं. त्याला प्लास्टिकचं पोतं गुंडाळणंही चुकीचं, कारण मग पट्टा आतल्या आत तापतो.

धुताना आणि ठेवताना

बांधीतून निघालेला तापलेला ट्रॅक्टर थेट नाल्यात उभा करू नका. अर्धा तास थांबा. प्रेशरच्या पाण्याचा फवारा क्लचच्या घरावर, रबरी बुटावर, झाकणाच्या फटींवर मारू नका. रोवणी संपली त्याच दिवशी प्लग काढा, आत काय साचलंय ते बघा आणि स्प्लिट पिन परत बसवा. पुढे ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहणार असेल तर क्लचचं पेडल दाबून लाकडी ठोकळ्याने अडकवून ठेवा. मग प्लेट फ्लायव्हीलला धरत नाही.

प्लग विसरू नये यासाठी एका म्हाताऱ्या चालकाची युक्ती सांगतो. प्लग भोकात नसतो तेव्हा तो किल्लीच्या जुडग्यात बांधलेला असतो, आणि प्लग भोकात असतो तेव्हा जुडग्यात त्याच सुतळीने स्प्लिट पिन बांधलेली असते. किल्ली हातात घेतली की कळतं. माझ्या माहितीत त्याच्या ट्रॅक्टरचा क्लच पाण्याने एकदाही गेलेला नाही. आज संध्याकाळी ट्रॅक्टर घरी आला की खाली वाका, भोक बघा आणि किल्लीला एक सुतळी बांधा.