प्रगतिपत्रकातील श्रेणी आणि मुलांचे खरे शिकणे

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील निघोजे हे गाव चाकण औद्योगिक पट्ट्यात येते. शेतजमिनीच्या जागी येथे मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले आहेत. कारखान्यात तयार झालेला भाग गेज किंवा मायक्रोमीटरने तपासल्याखेरीज पुढे जात नाही. इतकेच नव्हे, तर ज्या साधनाने माप घ्यावयाचे ते साधनही ठरावीक मुदतीने तपासून घेतले जाते. साधनच चुकीचे असेल तर सदोष भाग निर्दोष ठरतो आणि दोष उघडकीस येतो तो जुळणीच्या वेळी. शाळेच्या प्रगतिपत्रकातील श्रेणी हेही एक मापच होय. हे माप ज्या साधनाने घेतले जाते ते तपासण्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

या पट्ट्यात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. रोजगारासाठी मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर भारतातून येथे अनेक कुटुंबे येतात. काम बदलले की खोली बदलते आणि वर्षाच्या मध्यावर मुलाची शाळाही बदलते. नव्या शाळेतील शिक्षकाला त्या मुलाची काहीच ओळख नसते. अशा वेळी सोबत आलेली श्रेणी खरी नसेल, तर मूल नेमके कोठे अडले आहे हे कळेपर्यंत वर्ष सरून जाते.

राज्यातील पद्धती

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याला अनुसरून २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती लागू झाली. तीत वर्षभर चालणारे आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या अखेरीचे संकलित मूल्यमापन असे दोन भाग करण्यात आले. पहिली-दुसरीसाठी त्यांचे प्रमाण ७० व ३० टक्के, तर सातवी-आठवीसाठी ४० व ६० टक्के ठरले. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय ही साधने शिक्षकाच्या हाती देण्यात आली. 'ड' श्रेणीच्या खाली राहणाऱ्या विद्यार्थ्याला अतिरिक्त मार्गदर्शन करून पुढे आणावे, हीही अपेक्षा त्यात होती.

या अखेरच्या अपेक्षेतच श्रेणीच्या खरेपणाचे महत्त्व दिसून येते. वाचता न येणाऱ्या मुलाला दयाबुद्धीने 'ड' किंवा 'क' श्रेणी दिली, तर कागदावर त्याला मदतीची गरजच उरत नाही. म्हणजे ज्या मदतीवर त्याचा हक्क आहे, तीच त्या औदार्याने हिरावून घेतली जाते. राज्याने २०२३ मध्ये नियमांत दुरुस्ती करून पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा व पुनर्परीक्षेची तरतूद केली. आधीच्या वर्षांत झाकून ठेवलेली उणीव त्या टप्प्यावर मुलाच्याच पदरात पडते.

सरासरीचा फसवा आधार

समजा, सहावीच्या वर्गात अपूर्णांकांवर दहा-दहा गुणांच्या चार चाचण्या झाल्या. एका विद्यार्थ्याला २, ४, ८ व ९ आणि दुसऱ्याला ६, ६, ६ व ५ गुण मिळाले. दोघांचीही बेरीज २३, म्हणजे ५७.५ टक्के, आणि श्रेणी 'क-१'. वस्तुतः पहिल्याला आता अपूर्णांक चांगले येतात, तर दुसरा होता तेथेच आहे. तिसऱ्या विद्यार्थिनीला तीन चाचण्यांत प्रत्येकी ९ गुण आहेत, परंतु खोली बदलण्याच्या गडबडीत चौथी चाचणी हुकल्याने तेथे शून्य पडले. तिची 'अ-२' श्रेणी 'ब-२' वर येते. तिच्या गणिताच्या ज्ञानात मात्र काहीही घट झालेली नाही.

यावर उपाय कठीण नाही. एखादा घटक शिकवून पूर्ण झाल्यानंतरच्या कामाला अधिक महत्त्व द्यावे. हुकलेल्या चाचणीपुढे शून्याऐवजी 'अनुपस्थित' अशी नोंद करून पुन्हा संधी द्यावी. हजेरी, शिस्त, वहीची टापटीप या गोष्टी मोलाच्या आहेत. त्यांची जागा वर्णनात्मक नोंदीत असावी, गणिताच्या श्रेणीत नव्हे.

तपासणाऱ्याचा हात

एकच उत्तरपत्रिका निरनिराळ्या शिक्षकांकडे गेली की गुण बदलतात, हे जुनेच निरीक्षण आहे. १९१२ मध्ये अमेरिकेत स्टार्च व इलियट या अभ्यासकांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडून तपासून घेतली, तेव्हा गुणांत तीसहून अधिक अंकांचे अंतर पडले. कोणत्या उत्तराला किती गुण हे आधी ठरविणे, नमुना उत्तरे जवळ ठेवणे आणि काही उत्तरपत्रिका दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे तपासून ताडून पाहणे, एवढ्याने हे अंतर पुष्कळ कमी होऊ शकते. मुलांच्या शिकण्याचे माप घेणाऱ्या साधनाची ही तपासणीच होय.

पद्धती बदलली की निकालही कसा बदलतो, हे दहावीच्या परीक्षेत दिसून आले. २०१८ मध्ये राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ च्या परीक्षेत नवा अभ्यासक्रम आला, भाषा व सामाजिक शास्त्रांतील शाळास्तरावरचे २० गुण रद्द झाले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढील वर्षी ते गुण पुन्हा सुरू झाले व निकाल ९५.३० टक्के लागला. इतर कारणे गृहीत धरली तरी राज्यातील मुलांची कुवत एका वर्षात बारा टक्क्यांनी घटली आणि पुढच्याच वर्षी अठरा टक्क्यांनी वाढली, असे कोणीही म्हणणार नाही.

पालकांची भूमिका

पालकांनीही प्रगतिपत्रक हाती घेताना केवळ अक्षर पाहून समाधान मानू नये. या श्रेणीप्रमाणे आमच्या मुलाला नेमके काय येते, काय येत नाही आणि ते येण्यासाठी शाळेत व घरी काय करावयाचे, असे तीन प्रश्न त्यांनी शिक्षकांना अवश्य विचारावेत. या प्रश्नांची उत्तरे ज्या श्रेणीवरून देता येतील तीच खरी श्रेणी समजावी. अशी श्रेणी 'क' असली तरी पोकळ 'अ' पेक्षा ती मुलाच्या अधिक हिताची ठरेल.