सव्वातीन तासांची ऐट

माझ्या आईने वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा विमानात पाय ठेवला, तोही बिझनेस क्लासमध्ये. दुबईला भाचीला मुलगा झाला होता आणि पणतूच्या बारशाला मी जाणारच, असं आईने जाहीर करून टाकलं होतं. २०२५च्या नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. आमच्या शिरढोण गावात बातमी फुटली तेव्हा ‘कुठली जमीन विकलीस रे?’ असं दोघा-तिघांनी तोंडावर विचारलं. पनवेल तालुक्यात पैसा दिसला की लोकांना आधी जमीनच आठवते. जमीन विकली नव्हती. एक मुदत ठेव मोडली होती, आणि आईचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते.

परत आल्यापासून गावातलं कुणी आखातात निघालं की चौकशीला येतं. दर वेळी तीच कथा सांगण्यापेक्षा लिहून काढलेली बरी.

१. आकाशातले तास मोजू नका, जमिनीवरचे मोजा

सकाळी सातचं विमान. आम्ही शिरढोण सोडलं रात्री दोनला. पळस्पे फाटा, कळंबोली, वाशीचा खाडीपूल, मानखुर्द, चेंबूर असं करत सहारचा विमानतळ. म्हणजे घराच्या उंबऱ्यापासून विमान उडेपर्यंत पाच तास आणि प्रत्यक्ष उड्डाण सव्वातीन तासांचं. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, म्हणून उतरलो तेव्हा तिथे पावणेनऊच वाजले होते. आईला वाटलं, विमान फारच जोरात आलं.

उलव्याच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबरलाच झालं होतं, पण तिथून विमानं उडू लागली ती २५ डिसेंबरला. त्यामुळे घराशेजारचा विमानतळ सोडून आम्ही मुंबईच्या दुसऱ्या टोकाला गेलो.

या पाच तासांतच बिझनेस क्लासचे अर्धेअधिक पैसे वसूल होतात. सामान देण्याची रांग वेगळी, विमानात चढायची रांग वेगळी, मध्ये बसायला लाउंज, पलीकडे उतरल्यावर बॅगा आधी. जवळच्या प्रवासात तुम्ही खुर्ची विकत घेत नाही, उभं राहणं टाळता. ज्याला तासभर उभं राहता येतं, त्याने हे पैसे वाचवावेत.

२. फुकट मिळतं त्याची यादी आधी करा

हे मला नंतर कळलं. चालायला त्रास असलेल्या प्रवाशाला व्हीलचेअर विनामूल्य मिळते, तिकीट कुठल्याही वर्गाचं असो. निदान ४८ तास आधी कंपनीला कळवून ठेवायचं. व्हीलचेअर ढकलणारा माणूस सुरक्षा तपासणी, इमिग्रेशन सगळीकडून नेऊन थेट विमानाच्या दारात सोडतो.

दुसरं, इमिग्रेशनची रांग. भारत सरकारने जून २०२४ मध्ये दिल्लीत आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत एक योजना सुरू केली. ऑनलाइन नोंदणी करायची, बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद द्यायची, की पुढे शिक्क्यासाठी थांबावं लागत नाही, स्वयंचलित दारातून जाता येतं. बिझनेसवाल्यालाही तिथे वेगळी वाट मिळेलच असं नाही, नोंदणी केलेल्याला मिळते.

तिसरं, लाउंज. बऱ्याच क्रेडिट कार्डांवर मिळतो. आधी स्वतःचं पाकीट तपासा.

३. ‘बिझनेस’ हा शब्द वाचून भुलू नका, विमान बघा

जाताना आमचं विमान एका रस्त्याचं होतं, म्हणजे मधे एकच वाट आणि दोन्हीकडे खुर्च्या. अशा लहान विमानांत बिझनेस क्लास म्हणजे बहुधा पुढच्या दोन-तीन रांगा, एका बाजूला दोनच खुर्च्या, रुंद आणि मागे कलणाऱ्या. येताना दोन वाटांचं मोठं विमान होतं आणि खुर्चीचा चक्क पलंग होत होता. दोन्हींचं नाव एकच. युरोपात तर अनेक कंपन्यांच्या जवळच्या विमानांत साध्याच तीन खुर्च्यांपैकी मधली रिकामी ठेवतात आणि त्याला बिझनेस म्हणतात.

तिकीट काढताना आसनांचा नकाशा उघडून बघावा. पण पलंग मिळाला म्हणून हुरळूनही जाऊ नये. सव्वातीन तासांतला उड्डाणाचा आणि उतरण्याचा वेळ खुर्ची सरळ ठेवावी लागते, जेवणात तास जातो, उरतो जेमतेम दीड तास. येताना मी त्यातली वीस मिनिटं झोपलो. आई अख्खा वेळ देवळात बसल्यासारखी ताठ बसून होती. ‘झोपायला घर आहे की,’ म्हणाली.

४. कर आधी बघा

२२ सप्टेंबर २०२५ पासून बिझनेसच्या तिकिटावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ झाला. इकॉनॉमीवर तो ५ टक्केच आहे. माझं तिकीट मुळातच इकॉनॉमीच्या तिप्पट होतं, त्यावर हा कर. जाहिरातीतला आकडा आणि शेवटी कापला जाणारा आकडा यांत अंतर असतं, एवढं ध्यानात ठेवा.

५. ‘हिंदू मील’ म्हणजे शाकाहारी नव्हे

मार्गशीर्ष लागला होता. आमच्या घरी तो महिनाभर मासळी-मटण बंद. मी मोठ्या विश्वासाने आईसाठी ‘हिंदू मील’ नोंदवलं. तिकीट काढून देणाऱ्या मुलीने वेळीच फोन केला म्हणून वाचलो. हिंदू मीलमध्ये गोमांस नसतं, कोंबडी, मटण, मासे असू शकतात. आपल्याला हवं असतं त्याचं नाव ‘एशियन व्हेजिटेरियन’. तेही निदान २४ तास आधी सांगावं लागतं. ऐन वेळी विमानात मागितलं तर मिळेलच असं नाही, वर्ग कुठलाही असो.

६. चाळीस किलोंचा मोह

बिझनेसला ४० किलोपर्यंत सामान चालतं हे कळल्यावर आईने बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करायला घेतले. डिंक, खारीक, सुकं खोबरं, खसखस. लाडू वळून झाल्यावर मला आठवलं की संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. खसखस अफूच्या बोंडातून येते, आणि तिथला अमली पदार्थांचा कायदा तिला मसाला मानत नाही. गुन्हा मानतो. आईने एक शब्द न बोलता ते लाडू शेजारी वाटले आणि रात्री जागून बिनखसखशीचे पुन्हा केले.

सोबत द्यायला काढलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही मागे राहिल्या. त्यांत तेल फार, उष्णतेने पेट घेण्याची भीती, म्हणून मार्च २०२२ पासून त्या विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत चालत नाहीत. नातेवाइकांकडे सामान पाठवताना हे दोन पदार्थ आठवणीने तपासा. गोडा मसाला आणि बाकरवडीसुद्धा, त्यांतही खसखस असू शकते.

७. काउंटरवर ‘सर, एक छोटा प्रॉब्लेम आहे’ ऐकलं की कागद मागा

सगळं नीट जुळवून साडेतीनला काउंटरवर पोचलो तर कळलं की विमान बदललंय. बदली विमानात पुढच्या खुर्च्या कमी. आमच्या दोघांपैकी एकालाच बिझनेस, दुसऱ्याला मागे जावं लागेल. कंपनीचं नाव घेत नाही, हे कुणाकडेही घडू शकतं.

मी आवाज चढवला. उपयोग झाला नाही. मग काउंटरवरच्या मुलाने एक फॉर्म पुढे केला. त्यात मी ‘स्वखुशीने’ इकॉनॉमीत जातोय असं लिहिलं होतं आणि बदल्यात पुढच्या प्रवासाचं कूपन होतं. चष्मा नसता तर सही केली असती.

अशा वेळी काय करायचं ते सांगतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा फेब्रुवारी २०२३ पासूनचा नियम आहे. प्रवाशाच्या मनाविरुद्ध त्याला खालच्या वर्गात बसवलं, तर आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतरानुसार पैसे परत करायचे. १५०० किलोमीटरपर्यंत तिकिटाच्या करांसह किमतीच्या ३० टक्के, १५०० ते ३५०० पर्यंत ५० टक्के, त्यापुढे ७५ टक्के. मुंबई-दुबई साधारण १९०० किलोमीटर, म्हणजे निम्मे पैसे. देशांतर्गत प्रवासात ७५ टक्के. ‘स्वखुशीने’ लिहिलेल्या कागदावर सही केली की हा हक्क गेलाच समजा.

मी त्या फॉर्मवर सही केली नाही. ‘आसन उपलब्ध नसल्याने खालच्या वर्गात’ असं त्यांच्याकडून लिहून घेतलं, बोर्डिंग पास जपून ठेवला आणि परत आल्यावर नियमाचा उल्लेख करून ईमेल केला. तीन ईमेल लागले, पण पैसे खात्यात आले.

८. वडीलधाऱ्यांना एकटं बसवायला घाबरू नका

खरी काळजी वेगळीच होती. आयुष्यात कधी विमान न पाहिलेली आई पुढे एकटी, मी पंचवीस रांगा मागे. मी म्हटलं, आपण दोघंही मागे बसू. आई म्हणाली, ‘तू जा मागे. पेणला जाताना एसटीत मी एकटी बसत नाही का?’

पडदा ओढला गेला. तासाभराने हवाईसुंदरी माझं आसन शोधत आली. हातात कागदी रुमालात बांधलेला केकचा तुकडा आणि दोन चॉकलेटं. ‘तुमच्या आईंनी पाठवलंय. पोट भरलं का, असं विचारलंय.’ माझ्या शेजारचे दोघे मान वळवून बघू लागले. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण केक खाल्ला.

उतरल्यावर आईने अहवाल दिला. शेजारी एक कोटवाला मुलगा होता, बसल्या बसल्या झोपला तो दुबई येईपर्यंत उठला नाही. ‘एवढे पैसे भरून नुसता झोपला गं बाई’ ही हळहळ तिने बारशाला आलेल्या प्रत्येक बाईला सांगितली. तिने स्वतः एक मिनिट फुकट घालवलं नव्हतं. खुर्चीची सगळी बटणं दाबून पाहिली, पाय वर घेतले आणि सव्वातीन तास खाली दिसेल तेवढा समुद्र पाहिला. गुडघे दुखले नाहीत, हे मात्र तिने दोनदा सांगितलं.

९. चहाला नावं ठेवू नका

विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब सुमारे २४०० मीटर उंचीवर असतो तितकाच ठेवतात. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे त्याच्याही बऱ्याच वर. एवढ्या कमी दाबात पाणी साधारण ९२ अंशांलाच उकळतं, म्हणून चहा उतरत नाही. कोरड्या हवेत जीभही मीठ-साखर कमी ओळखते. चिनी मातीच्या कपात दिला म्हणून यात फरक पडत नाही. आईच्या मते ते आमटीत मीठ घालायला विसरले होते. विसरले नसावेत.

१०. उशीर करू नका

परतलो ती पहाट होती. हायवेवरून गावात शिरताना वासुदेव बळवंत फडक्यांचं स्मारक लागलं. शिरढोण त्यांचं जन्मगाव. १८७९ मध्ये पकडले गेले, जन्मठेप झाली, आणि ज्या अरबी समुद्रावरून आम्ही खात-पीत आलो तोच ओलांडून त्यांना एडनच्या तुरुंगात नेलं. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच गेले. हे आम्ही शाळेतच शिकलो. पण त्या पहाटे मला आठवली ती त्याआधीची गोष्ट. ते पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून असताना इकडे आई आजारी पडली. रजा वेळेवर मिळाली नाही. घरी पोचले तेव्हा आई गेली होती.

मागच्या सीटवर माझी आई उशाला शाल घेऊन झोपली होती.

कुणी विचारलं, ‘जवळच्या प्रवासाला बिझनेस क्लास घ्यावा का?’ तर माझं उत्तर ठरलेलं आहे. तुमचे गुडघे धड असतील तर घेऊ नका, त्या पैशांत दोनदा जाऊन याल. आई-वडिलांना न्यायचं असेल आणि परवडत असेल तर एकदा जरूर घ्या, तेही जातानाचं. येताना साधं तिकीट आणि व्हीलचेअर पुरते.

पण तिकीट ही पुढची गोष्ट. आमचे चार महिने गेले ते पासपोर्टात. आईचा जन्मदाखला नव्हता. तो १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच सक्तीचा आहे, बाकीच्यांना दुसरी कागदपत्रं चालतात, हे समजेपर्यंत दोन फेऱ्या झाल्या. मग आधारवर एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव निघालं. तेव्हा बारशाचं आमंत्रण येण्याची वाट बघू नका. या आठवड्यात घरी बसा, आई-वडिलांची कागदपत्रं काढा, नावं जुळतात का बघा आणि पासपोर्टचा अर्ज भरून टाका.